जुनं बंदरशहर दोन तासांत पायाखाली घालताना

गाईडसोबत जुन्या बंदरशहराची पायी फेरी घेणार असाल, तर आदल्या संध्याकाळी एक काम आवर्जून करा. त्या शहराचा शे-दीडशे वर्षांपूर्वीचा, जमलं तर त्याहूनही जुना नकाशा शोधा आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवा. अनेक मोठ्या ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी असे नकाशे इंटरनेटवर खुले केले आहेत. नकाशात बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल. पाणी तेव्हा कुठपर्यंत होतं एवढं शोधा आणि ती रेघ आजच्या नकाशावर ओढून ठेवा. गाईड उत्तम मिळो की बेताचा, ही रेघ सोबत असली की फेरी वाया जात नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

कारण जुन्या बंदरशहरात आज जिथे पाणी दिसतं, तिथे ते पूर्वी क्वचितच होतं. जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागलं, काठावरची जागा अपुरी पडली. मग भराव घालून धक्का पुढे ढकलायचा, त्याच्या मागे नवा रस्ता, त्यावर नव्या वखारी. पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा तेच. काठावर बांधलेली इमारत मात्र होती तिथेच राहते आणि हळूहळू शहराच्या पोटात जाते. सिंगापूरच्या तेलोक आयर रस्त्यावर थिआन हॉक केंग हे देऊळ १८४२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा ते समुद्राच्या तोंडावर होतं. चीनहून आलेली माणसं जहाजातून उतरली की सुखरूप पोचल्याबद्दल आधी माझू या समुद्रदेवीचे आभार मानत. आज देवळासमोर उंच इमारतींच्या रांगा आहेत आणि समुद्र दिसतही नाही. न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट ही मॅनहॅटनची मूळ पूर्व किनार. तिच्यापुढे वॉटर स्ट्रीट, मग फ्रंट स्ट्रीट, मग साउथ स्ट्रीट. एकेक रस्ता म्हणजे भरावाचा एकेक टप्पा. नागासाकीत डच व्यापाऱ्यांना १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं देजिमा नावाच्या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवलं होतं. ते बेट पुढे भरावांनी गिळलं आणि आता ते चहूबाजूंनी शहराने वेढलेलं आहे.

रेघ एकदा डोक्यात बसली की गाईडचं बोलणं वेगळं ऐकू येतं. "हा जुना चौक" असं तो म्हणतो, तेव्हा तुम्हाला कळतं की आपण पाण्यात उभे आहोत.

फेरी निवडताना

"शहरातली दहा प्रसिद्ध ठिकाणं" अशा नावाच्या फेऱ्या बंदरशहरात टाळाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मुख्य चौकातून निघतात, प्रार्थनास्थळ, राजवाडा, पुतळा करत पुन्हा चौकात येतात आणि सगळा वेळ समुद्राकडे पाठ असते. शहर ज्या पाण्यामुळे उभं राहिलं ते पाणी शेवटच्या पाच मिनिटांत फोटोपुरतं येतं. फेरीच्या वर्णनात धक्का, गोदी, वखारी, तटबंदी, खलाशांची वस्ती, कस्टम हाऊस यांपैकी निदान तीन गोष्टी आहेत का ते बघा. सुरुवात पाण्याजवळ असेल तर अधिकच चांगलं. तिथून शहरात शिरताना आपण माल आणि माणसं ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने जातो.

नाव नोंदवण्याआधी आयोजकाला चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गटात जास्तीत जास्त किती जण? पंधरापर्यंत उत्तम, वीसच्या वर गेलं की अरुंद गल्लीत शेवटच्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. व्हेनिसने तर २०२४ मध्ये गटावर २५ जणांची मर्यादा घातली आणि गाईडांना ध्वनिवर्धक वापरायला बंदी केली. दुसरं, एकूण अंतर आणि चढ किती? तिसरं, वाटेत पायऱ्या आणि दगडी फरसबंदी किती? सोबत चाकाची खुर्ची, बाबागाडी किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारा आणि "थोडंफार चालावं लागेल" या उत्तरावर समाधान मानू नका. पायऱ्यांचा आकडा मागा. चौथं, पाऊस किंवा वादळी वारा असेल तर फेरी होते का, आणि रद्द झाल्यास पैशांचं काय.

गाईडकडे परवाना आहे का हेही पाहावं. इटलीसारख्या देशांत गाईड म्हणून काम करायला परवाना सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही, पण "ब्लू बॅज" मिळवलेले गाईड दीर्घ प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन आलेले असतात. "मोफत" म्हणून जाहिरात होणाऱ्या फेऱ्या बहुधा बक्षिसीवर चालतात. अनेक ठिकाणी तर गाईडलाच आलेल्या माणसांमागे आयोजकाला रक्कम द्यावी लागते. तेव्हा मोफत फेरीला जाऊन शेवटी हळूच निसटणं हा त्याच्या पोटावर पाय आहे. अशी फेरी घेतली तर देण्याची रक्कम आधीच ठरवून वेगळ्या खिशात ठेवा. खरोखर विनामूल्य हवी असेल तर काही शहरांत स्वयंसेवक नागरिक पाहुण्यांना आपला भाग दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या "बिग ॲपल ग्रीटर" पासून ही कल्पना जगभर पसरली. तिथे गट अगदी लहान असतो आणि बक्षिसी घेत नाहीत. मात्र नाव बरंच आधी नोंदवावं लागतं.

वेळ: ओहोटी, वारा आणि पर्यटकांची जहाजं

इतर शहरांत फेरीची वेळ ऊन बघून ठरवता येते. बंदरात आणखी तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, पर्यटकांची मोठी जहाजं. एकेका जहाजातून काही हजार माणसं एकदम उतरतात आणि जुन्या शहराच्या गल्ल्या दोन-तीन तास तुंबून जातात. कोणत्या दिवशी कोणतं जहाज किती वाजता लागणार, हे वेळापत्रक बहुतेक बंदरं आधीच जाहीर करतात. जहाज नसलेला दिवस निवडा. तसा दिवसच नसेल तर माणसं उतरण्याआधीची पहाटेची किंवा ती परत गेल्यानंतरची संध्याकाळची फेरी घ्या.

दुसरी, भरती-ओहोटी. शक्य असेल तर ओहोटीच्या सुमारास धक्क्यावर पोचा. पाणी उतरलं की जुन्या भिंतीचे खालचे थर, जहाजं बांधायच्या लोखंडी कड्या, लाकडी खुंट आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोल जाते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक सुमारे १२ मीटरचा आहे. ओहोटीला जहाजं चिखलात कलायची, म्हणून १८०९ मध्ये दारं घालून नदीचा एक भाग कायम भरलेला ठेवायची सोय केली. त्याला "तरंगतं बंदर" म्हणतात. भूमध्य समुद्रात मात्र बहुतेक ठिकाणी हा फरक नगण्य असल्यामुळे तिथे ओहोटीसाठी ताटकळू नका.

तिसरी, वारा. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. त्यात गाईडचा आवाज वाहून जातो. सकाळच्या फेरीत ऐकू चांगलं येतं, एवढ्या एका कारणासाठीही मी सकाळ निवडते.

अंगावर आणि पिशवीत

यावर फार लिहिण्यासारखं नाही. बूट जुने, पायाला सरावलेले आणि तळ खडबडीत असलेले हवेत. धक्क्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि घासून गुळगुळीत झालेली फरसबंदी ओली झाली की काचेसारखी होते. उन्हाळ्यातही वारा अडवणारं पातळ जाकीट घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही. पाण्याची बाटली, टोपी, छोटी वही आणि तो रेघ ओढलेला नकाशा. दोन तासांच्या फेरीत चालणं जेमतेम दोन-तीन किलोमीटर होतं. दमवतं ते उभं राहणं. म्हणून प्रत्येक थांब्यावर टेकायला कट्टा किंवा भिंत आहे का ते पोचताक्षणी बघून ठेवा आणि निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या.

चालताना

गाईडच्या अगदी पाठीमागे चालू नका, अगदी शेवटीही नको. तिसऱ्या-चौथ्या जागी राहिलं की दोन थांब्यांच्या मधे त्याच्याशी बोलता येतं. माझ्या मते फेरीतलं सर्वांत चांगलं ऐकायला मिळतं ते या चालत्या गप्पांतच, थांब्यावरच्या पाठ केलेल्या भाषणात नाही. थांब्यावर वारा गाईडकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला उभे राहा. फोटो बोलणं संपल्यावर काढा, आणि नुसता दर्शनी भाग न काढता नावाची पाटी आधी टिपा. घरी गेल्यावर कोणती इमारत कोणती ते आठवत नाही.

आता डोळे कुठे ठेवायचे ते.

वर बघा. वखारीच्या माथ्याशी, छपराखाली, पुढे आलेला दांडा किंवा आकडा दिसेल. त्याला कप्पी लावून माल थेट वरच्या मजल्यांवर चढवत. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर घरांनाही असे दांडे आहेत, कारण व्यापारी राहायचा तिथेच माल साठवायचा. दार, खिडक्या आणि मजले यांचा मेळ लक्षात घ्या. एकाखाली एक अशी प्रत्येक मजल्यावर मोठी दारं असतील आणि बाजूच्या खिडक्या चिंचोळ्या असतील, तर ती इमारत मुळात वखार होती, आज आत काहीही असो. हॅम्बुर्गची श्पायखरश्टाट ही १८८३ ते १९२७ दरम्यान लाकडी खुंटांच्या पायावर उभी केलेली वखारींची वस्ती याचा धडाच आहे. तिथल्या वखारींना एक तोंड कालव्याकडे, दुसरं रस्त्याकडे. माल पाण्याने आला आणि चाकांवर गेला, हे इमारतीच्या दोन तोंडांवरून कळतं. लिव्हरपूलच्या १८४६ च्या अल्बर्ट डॉकमध्ये भिंती वाजवून बघाव्याशा वाटतात. आगीच्या भीतीने तिथे बांधकामातून लाकूड हद्दपार करून बिडाचे खांब, विटा आणि दगड वापरले.

खाली बघा. फरसबंदीचा दगड भोवतालच्या इमारतींच्या दगडाहून वेगळा वाटला तर गाईडला विचारा. रिकामी जहाजं तोल सांभाळायला तळात दगड भरून येत, माल भरताना ते धक्क्यावर टाकून जात, आणि त्याच दगडांचे पुढे रस्ते होत. अमेरिकेतल्या सव्हानाच्या नदीकाठचा रस्ता असाच बांधलेला आहे. रस्त्याचा उतार कुठे अचानक सपाट होतो तेही पायांना कळू द्या. बहुतेक वेळा तिथेच तुमची ती रेघ असते. गाईडला न विचारता ती जागा आधी आपणच ओळखायची, मग विचारून पडताळायची. मला यात जो आनंद मिळतो तो कुठल्याही राजवाड्यात मिळालेला नाही.

उंच जागी उभे राहिलात की कालगोलक शोधा. खांबावर चढवलेला हा मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली पडायचा आणि बंदरातली जहाजं त्यावर आपली घड्याळं लावून घ्यायची. अचूक वेळेशिवाय भर समुद्रात रेखांश काढता येत नसे. ग्रीनिचचा गोळा १८३३ पासून दुपारी एक वाजता पडतो. एडिंबरात धुक्यामुळे गोळा दिसेना, म्हणून १८६१ मध्ये एकच्या ठोक्याला तोफ उडवायला सुरुवात झाली. ती रविवार सोडून बहुतेक दिवशी आजही उडते. फेरी तशी बेतता आली तर बेता.

परदेशी माणसांना कुठे ठेवलं होतं तेही बघा. बंदराला परके हवे असतात आणि बंदर त्यांना घाबरतही असतं. व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलाशेजारी "फोंदाको देई तेदेस्की" ही जर्मन व्यापाऱ्यांची इमारत आहे. त्यांनी तिथेच राहायचं, तिथेच माल ठेवायचा असा दंडक होता. "फोंदाको" हा शब्दच अरबी "फुंदुक" वरून आला. देजिमाही त्याच जातीचं. आजाऱ्यांची भीती तर त्याहून मोठी. आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्निकने १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. पुढे इतरत्र त्याचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन "चाळीस" वरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. दुब्रोव्निकच्या प्लोचे दरवाजाबाहेर नंतरच्या काळातली विलगीकरणाची घरं, "लाझारेती", आजही रांगेत उभी आहेत. ती तटाच्या बाहेर का, हे तिथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

विचारायचे प्रश्न

फेरीत तारखा भरपूर ऐकायला मिळतात. प्रश्न मात्र कामाबद्दल विचारा. जहाजांना गोडं पाणी कुठून मिळायचं? माल उतरवणारे हमाल कुठे राहायचे? तटाच्या आत राहायला कोणाला मनाई होती? बंदर कशामुळे मागे पडलं: गाळ, युद्ध, की मोठी जहाजं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेक शहरांत सारखंच निघतं. २६ एप्रिल १९५६ रोजी "आयडियल एक्स" हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. पुढच्या काही दशकांत कंटेनरना लागणारी विस्तीर्ण मोकळी जागा आणि खोल पाणी शहराबाहेरच मिळू शकलं. जुन्या गोद्या ओस पडल्या, हजारो हमालांची कामं गेली. आपण आज जिथे निवांत फिरतो तो धक्का मोकळा आहे तो या कारणाने.

आणि एक प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच: इथून माणसांचा व्यापार झाला का? अटलांटिकच्या आणि हिंदी महासागराच्या काठावरच्या अनेक बंदरांचा पैसा त्यातून आला. चांगला गाईड हे टाळत नाही, पण दोन तासांच्या फेरीत कुणी विचारलं नाही तर ते राहून जाऊ शकतं. रिओ द जानेरोत वालोंगो धक्क्यावर सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. १८४३ मध्ये सम्राटाची वधू येणार म्हणून तोच धक्का नव्या दगडांनी झाकून टाकला. २०११ मध्ये बंदराच्या कामासाठी खोदताना दोन्ही थर वर आले. आज खड्ड्याच्या काठावर उभं राहून वरची फरसबंदी आणि तिच्याखालची फरसबंदी एका नजरेत दिसते. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्या जागी चर्च उभं राहिलं. फ्रान्समधल्या नांतमध्ये लुआर नदीच्या काठावर २०१२ पासूनचं स्मारक आहे, त्यात काचेच्या पट्ट्यांवर गुलाम वाहणाऱ्या जहाजांची नावं जमिनीत बसवली आहेत. अशा ठिकाणी मी वही बंद करते. गटही आपोआप गप्प होतो. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना काय आणि किती सांगायचं हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा; तिथे ऐनवेळी शब्द सापडत नाहीत.

फेरी संपल्यावर

लगेच पुढच्या ठिकाणी पळू नका. पंधरा मिनिटं बसा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: रेघ कुठे जुळली, कुठे चुकली, आणि कोणत्या थांब्यावर परत जायचं. गाईडने नाव घेतलेलं पण दाखवायला वेळ न मिळालेलं एखादं ठिकाण असतंच. कुठलं ते निरोप घेतानाच त्याच्याकडून नकाशावर खूण करून घ्या. सागरी संग्रहालय फेरीच्या आधी न बघता नंतर बघावं. आधी गेलं तर ती सगळी नुसती मॉडेलं वाटतात. रस्ते पायांनी ओळखल्यावर तीच मॉडेलं बोलू लागतात. इस्तंबूलला येनिकापी इथे रेल्वेसाठी खोदताना २००४ पासून बायझंटाइन काळातलं बंदर आणि ३७ बुडालेली जहाजं सापडली. आजच्या काठापासून आत, गजबजलेल्या वस्तीखाली बंदर कसं, हे कोडं रेघ ओढलेल्या माणसाला पडत नाही.

त्यानंतर पाण्यावर जा. पर्यटकांच्या बोटीची गरज नाही. लोक रोज कामाला जातात ती साधी फेरीबोट हवी: लिस्बनहून तेजू नदीपलीकडच्या कासिल्यासला जाणारी, इस्तंबूलची बॉस्फरसवरची, हाँगकाँगची स्टार फेरी. जुनी बंदरं पाण्यावरून येणाऱ्याने पाहावीत अशा बेताने बांधलेली असतात. चर्चचे मनोरे, दीपगृहं, कस्टम हाऊसचा घुमट या खलाशांना दिशा दाखवणाऱ्या खुणा होत्या, आणि रस्त्यावरून त्या एका रांगेत कधीच दिसत नाहीत. लिस्बनला पाण्यावरून पाहिलं की १७५५ च्या भूकंपाची कथाही दिसते: मधोमध सखल भागात पुन्हा आखून बांधलेली बाइशाची सरळ रेषेतली वस्ती आणि उजवीकडे टेकडीवर, बरीचशी वाचलेल्या आल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या.

बोट सुटताना मागच्या बाजूला, उघड्यावर, शहराकडे तोंड करून उभे राहा आणि नकाशा काढा. पहिल्या तीन-चार मिनिटांतच इमारतींच्या दोन रांगा सुट्या दिसू लागतात. पुढची भरावावरची, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी जुन्या काठावरची.